क्लिक वाजत होते, ग्रुप हलत नव्हता

माझं पोट ॲलाइनमेंटवर चालतं. वाळूजच्या एमआयडीसीत बावीस वर्षं फिटर आहे. मोटर आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत आहे का, ते डायल (बारीक सरक काट्यावर दाखवणारं यंत्र) लावून बघायचं आणि पाव मिलिमीटरचा फरक निघाला तरी खाली पत्री सारायची. अशा माणसाला तिरकी रायफल नवी म्हणून विकली गेली आणि ते कळायला तीन महिने लागले. लाज वाटते, पण लिहितो. कारण 2024 ला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमधून नेमबाजीचं कांस्य आणल्यापासून आमच्याकडंही पोरं नेमबाजीकडं वळलीत, आणि आईबाप कर्ज काढून रायफली घेतायत. (त्याचं पदक 50 मीटरचं. आपली पोरं सुरुवात करतात ती 10 मीटरच्या एअर रायफलनं.)

पोरगी नववीत. दोन वर्षं नेमबाजीच्या रेंजवरच्या सामाईक रायफलवर खेळली. स्वतःची हवी म्हणून गावाकडच्या कापसाचे थोडे पैसे आणि बाकी पतसंस्थेचं कर्ज, असे एक लाख बासष्ट हजार जमवले. विक्रेता दुसऱ्या शहरातला. व्हिडिओ कॉलवर खोका दाखवला, ‘दादा, सीलपॅक आहे’ म्हणाला. बिल मागितलं तर आवाज खाली करून म्हणाला, ‘बिल केलं की लायसन्सची भानगड मागं लागते, कच्च्या चिठ्ठीवर घ्या.’ मी घाबरलो आणि गप्प बसलो. खरं तर .177 इंच बोअरची (नळीचं भोक) आणि 20 जूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल बाळगायला लायसन्स लागत नाही. शस्त्र नियम 2016 मध्ये ते स्पष्ट आहे. मॅचच्या रायफलीची ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. त्यानं माझ्या भीतीचाच धंदा केला.

रायफल आली, पूजा झाली, नारळ फुटला. पहिल्याच दिवशी सगळे छर्रे डावीकडं. विक्रेत्याला कळवलं, त्यानं व्हॉइस मेसेज धाडला. ‘नवी नळी आहे, पाचशे छर्रे जाऊ द्या.’ पाचशे गेले. मग, ‘मुलीचा गाल बटवर (रायफलच्या मागच्या दस्त्यावर) नीट बसत नाही.’ हे मात्र पटण्यासारखं होतं, कारण नेम धरायच्या दोन साइटपैकी मागच्या साइटच्या बारीक भोकातून बघताना डोळा बाजूला गेला तर नेम सरकतोच. रेंजवरचे प्रशिक्षक सर फक्त रविवारी यायचे, त्यात दोन रविवार स्पर्धेला गेले. तेवढ्यात पोरीनं पाय बदलले, कोपर बदलला, चीकपीस (गाल टेकवायची पट्टी) चारदा वरखाली केला. रात्री उपाशी झोपायला लागली. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत पहिले दहा शॉट दहापैकी पाच-सहावर गेले आणि तिनं रायफल खाली ठेवली. मी तिलाच बोललो, ‘मन लागत नाही तुझं.’ हे वाक्य मला परत घेता येत नाही.

सर परतल्यावर त्यांनी एकच काम केलं. पोरीला सामाईक रायफल दिली आणि तिची स्वतः घेतली. तिचे छर्रे नऊ-दहात. सरांचे पाच छर्रे एकमेकांवर, शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत, पण अख्खं बटण डावीकडं पाचच्या रिंगणात. छर्रे विखुरले तर नेमबाज, छर्रा किंवा ढिला स्क्रू बघायचा. घट्ट ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांचा पुंजका, एका बाजूला गेला तर साइट बघायची. इतकं साधं होतं.

सरांनी मागच्या साइटचा नॉब उजवीकडं वीस क्लिक फिरवला (दर क्लिकला साइट किंचित सरकायला हवी). वीसही वाजले. ग्रुप जरासा हलला आणि थांबला. आणखी वीस फिरवले, ग्रुप तिथंच. मग मला माझी विद्या आठवली. कारखान्यातून डायल आणला, घरी रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, हवेचा सिलिंडर काढला आणि डायलचं टोक साइटच्या भोकाच्या कडेला टेकवलं. पहिल्या सहा क्लिकना काटा सरकला. नंतर नॉब टकटक वाजत राहिला, काटा मात्र ढिम्म. आतल्या स्क्रूची चुडी (आटे) घासलेली. नव्या साइटची चुडी घासते कशी?

मग पुढची साइट. यासाठी डायल लागला नाही. घर बांधताना गवंड्यानं टाकून दिलेला ओळंबा होता, तो दाराच्या चौकटीला टांगला. रायफल उशांवर ठेवली, वरच्या पट्टीवर पाणसळ आडवी ठेवून बुडबुडा मधोमध आणला आणि मागून दोऱ्याकडं बघितलं. पुढच्या साइटचा खांब दोऱ्याला समांतर नव्हता, उजवीकडं झुकलेला. दोन अंश असेल-नसेल. हातात घेतल्यावर कुणाच्या लक्षात येणार नाही, कारण पोरगी साइट सरळ दिसावी म्हणून रायफलच तिरकी धरत होती.

दोन अंशांत काय जातं म्हणाल तर बघा. नळीच्या मध्यापासून साइट तीन सेंटीमीटर वर, म्हणजे टोक एक मिलिमीटर सरकलं. दोन साइटमधलं अंतर 80 सेंटीमीटर, लक्ष्य 10 मीटरवर. तो एक मिलिमीटर तिथं साडेबारा होतो. टार्गेटवर प्रत्येक रिंगण अडीच मिलिमीटरनं वाढतं आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. साडेबारा म्हणजे पाच रिंगणं. दहाचा पाच झाला तो तिथं. आणि पुढची साइट उजवीकडं गेली की छर्रा डावीकडं जातो, उलटं असतं ते.

ॲलन कीनं (षटकोनी चावीनं) पुढच्या साइटचा ब्लॉक, म्हणजे तिचा ठोकळा, काढला तर स्क्रूचं डोकं आधीच झिजलेलं. खाली नळीवर स्क्रूच्या टोकाचा खळगा एक असायला हवा होता. तिथं दोन होते, एकमेकांवर चढलेले, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे. म्हणजे हा ब्लॉक कुणीतरी काढून परत वाकडा बसवलेला. मग खोका उलटा केला. स्टिकरवरचा नंबर आणि रायफलवरचा नंबर जुळत नव्हता. दोन रायफलींचे तुकडे जोडून मला ‘सीलपॅक’ दिली होती. नंबर जुळवायला अर्धा मिनिट लागतो. मी नारळ फोडत होतो.

विक्रेता आता म्हणतो, ‘वापरलेला माल परत घेत नाही.’ 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता सांगितला. 2019 च्या कायद्यानुसार दुकान कुठंही असलं तरी आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंत फी नाही. कच्ची चिठ्ठी फारशी कामाची नाही, पण ऑनलाइन पाठवलेल्या पैशांची नोंद आणि ‘पाचशे छर्रे जाऊ द्या’चे व्हॉइस मेसेज मी जपून ठेवलेत. थोडी रक्कम रोख दिली होती, ती गेल्यात जमा. तारीख पुढच्या महिन्यात आहे.

सरांनी ब्लॉक ओळंब्यावर सरळ बसवला, मागची साइट दुसरी घेतली. पहिलाच ग्रुप मध्यात आला. मला वाटलं पोरगी उड्या मारील. तिनं टार्गेट घडी करून खिशात घातलं आणि पाणी प्यायली.

आता आठ लागला की ती आधी ॲलन की मागते, स्क्रू तपासते, मग परत उभी राहते. स्क्रू घट्टच असतो. चूक तिची असते, आणि तसं ती स्वतःच सांगते.