माइल्स की रुपयांतले पॉइंट? नागपूरहून उडणाऱ्यांसाठी

भाचीला मिहानमध्ये नोकरी लागली आणि दुसऱ्या पगारानंतर तिचा फोन आला, "मामा, फुकट विमानप्रवासासाठी कोणतं कार्ड घेऊ?" तिला जे सांगितलं तेच इथे नीट मांडतो, कारण ऑफिसातही हा प्रश्न अधूनमधून निघतो. लाउंज, विमा, जॉइनिंग गिफ्ट हे सगळं बाजूला ठेवतो. त्यावरून कार्ड ठरवू नये असं मला वाटतं.

खरी निवड दोन पद्धतींत आहे. पहिलीत कार्डाचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात पाठवायचे, तिथे त्यांचे माइल्स होतात आणि कंपनी माइल्ससाठी ज्या सीट मोकळ्या ठेवते त्यांतली एखादी मिळवायची. अ‍ॅक्सिसचं अ‍ॅटलस कार्ड या जातीचं. दुसरीत पॉइंट बँकेकडेच राहतात आणि बँकेच्या पोर्टलवर तिकीट काढताना रुपयांसारखे वळते होतात. एचडीएफसीचं स्मार्टबाय हे पोर्टल सगळ्यांना माहीत आहे. मी दोन्ही पद्धती वापरल्या. माझी कार्डं कोणती ते सांगत नाही, कारण माझा अनुभव पद्धतीचा आहे, एखाद्या बँकेचा नाही.

कागदावर माइल्स जिंकतात, यात वाद नाही. मी आकडे मांडले तेव्हा अ‍ॅटलसवर साध्या खर्चाला 100 रुपयांमागे 2 एज माइल (अ‍ॅक्सिसच्या पॉइंटचं नाव) मिळत, आणि विमान कंपनीकडे पाठवताना एकाचे दोन होत. म्हणजे लाखाच्या खर्चावर 4,000 माइल्स. एचडीएफसीच्या रेगालिया गोल्ड कार्डावर 150 रुपयांना 4 पॉइंट, विमानाच्या तिकिटासाठी पॉइंटची किंमत 50 पैसे. लाखामागे साधारण 1,333 रुपये. माइलला नुसता रुपया धरला तरी फरक तिप्पट. एचडीएफसीच्याच इन्फिनियावर पॉइंटला पूर्ण रुपया मिळतो, पण ते कार्ड नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाच्या हाती सहसा पडत नाही.

मीही हाच हिशोब करून आधी माइल्सकडे वळलो होतो.

लेक गुरुग्रामला असते. तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती. रात्री साडेदहाला विमान कंपनीच्या साइटवर बघितलं, तर नागपूर ते दिल्ली थेट विमानात माइल्सवर दोन सीट दिसत होत्या. लगेच बँकेच्या अ‍ॅपमधून पॉइंट पाठवले. पाठवताना एक सूचना येते की एकदा गेलेले पॉइंट परत मिळत नाहीत. ती वाचली, होकार दिला. सकाळी पोह्यांची बशी बाजूला ठेवून आधी खातं उघडलं. शिल्लक शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य. तिसऱ्या दिवशी दुपारी माइल्स जमा झाले, तेव्हा थेट विमानातल्या त्या सीट गेलेल्या होत्या. उरला होता तो मुंबईमार्गे, रात्रभर विमानतळावर थांबून जाण्याचा पर्याय. बायकोचे गुडघे दुखतात, तिला तसं न्यायचं नव्हतं. शेवटी पूर्ण पैसे भरून दुसरी तिकिटं काढली. माइल्स तिकडेच अडकले, आणि त्यांनाही मुदत असते.

खूप वाईट वाटलं. वर्षभराचा किराणा, एलआयसीचे हप्ते, घराची रंगरंगोटी हे सगळं आठवणीने त्या कार्डावर टाकलं होतं.

कुणी म्हणेल हा एका वेळचा योग. असेलही. पण त्यानंतर मी वर्षभर अधूनमधून बघत राहिलो आणि मला वाटतं नागपूरकरांसाठी अडचण मुळातच आहे. सोनेगाव विमानतळावरून उडणाऱ्यांत इंडिगोची विमानं सर्वांत जास्त. बाकी कंपन्यांची मोजकीच, त्यांत माइल्ससाठी सोडलेल्या सीट आणखी मोजक्या, आणि दिवाळीत किंवा मे महिन्यात त्या शोधूनही सापडत नाहीत. मुंबई-दिल्लीच्या माणसाला एक विमान हुकलं तर संध्याकाळचं बघता येतं. आपण मुंबईहून सीट मिळवली तर आधी दुरंतो किंवा विदर्भ एक्सप्रेसचं आरक्षण करा, मग विमान धरा. इंडिगोचा स्वतःचा ब्लूचिप हा पॉइंटचा कार्यक्रम 2024 च्या अखेरीस आला आहे, पण तिथेही आपण एकाच कंपनीला बांधले जातो.

नियमही बदलतात. अ‍ॅक्सिसच्याच मॅग्नस कार्डाचं उदाहरण अनेकांच्या लक्षात असेल. 5 पॉइंटचे 4 माइल्स होत होते, 1 सप्टेंबर 2023 पासून 5 चे 2 झाले. साठवून ठेवलेल्यांचा साठा एका रात्रीत निम्मा झाला. रुपयांतले पॉइंटही बँक कमी करू शकते, नाही असं नाही, पण ते मी साठवतच नाही. जमले की वापरतो.

पोर्टलचे दोषही सांगायला हवेत. भाडं कधीकधी कंपनीच्या साइटपेक्षा दोन-तीनशेनं जास्त दिसतं. तिकीट रद्द केलं तर बँक आणि विमान कंपनी दोघांच्या मध्ये आपण अडकतो. काही कार्डांवर पूर्ण रक्कम पॉइंटने भरता येत नाही, इन्फिनियावर 70 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे "फुकट" हा शब्द इथेही पूर्ण खरा नाही. अर्थात माइल्सच्या तिकिटावरही कर आणि विमानतळाचं शुल्क भरावंच लागतं.

एक गोष्ट दोन्हींना लागू. इतवारीत किंवा सीताबर्डीवर दुकानदार कार्डाला दोन टक्के वर मागत असेल, तर पॉइंटच्या मोहाने कार्ड पुढे करू नका. लाखाच्या खरेदीवर 2,000 द्यायचे आणि 1,333 परत मिळवायचे, यात काय राहिलं? तिथे रोख किंवा यूपीआय बरं.

माइल्सचा खरा उपयोग परदेशप्रवासाला, त्यातही बिझनेस क्लासला. तारखा पुढेमागे करता येत असतील, मुंबईहून निघायची तयारी असेल, आणि सहा-आठ महिने आधी बसून शोधायची चिकाटी असेल, तर एका माइलमागे रुपयापेक्षा बरंच जास्त पदरात पडू शकतं. असे लोक मला माहीत आहेत आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

भाचीचं तसं नाही. तिला सणाला पुण्याला सासरी जायचं असतं, तारीख ठरलेली, सुट्टी दोन दिवसांची. तिला मी रुपयांतल्या पॉइंटचं कार्ड घ्यायला सांगितलं. गेल्या महिन्यात मी पुण्याची दोन तिकिटं काढली. ज्या विमानाची वेळ बरी वाटली तेच निवडलं, पॉइंट वळते केले, उरलेले 1,140 रुपये कार्डावर टाकले. गॅसवर चहा उकळेपर्यंत तिकीट मेलवर आलं होतं.