हायब्रिड सायकल, वर्ष होत आल्यावर: मागचं चाक आणि इतर किरकोळ गोष्टी

मागचं चाक सोडलं तर सायकल झकास आहे. आता मागचं चाक सोडून सायकल कशी चालवायची हे सर्व्हिसवाल्यांनी मला अजून सांगितलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

कंपनीचं नाव घेत नाही. तक्रार केली तेव्हापासून 'प्रोसेसमध्ये' आहे, आणि नंतर ऑफिसच्या पार्किंगमधल्या याच किमतीच्या चार-पाच सायकलींच्या मागच्या चाकाच्या तारा दाबून पाहिल्या, तर तिथेही हीच ढिल्या-कडक तारांची रड. नाव घेतलं तर बाकीचे उगाच सुटतील.

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात: अल्युमिनिअमची फ्रेम, पुढचं चाक धरायला साधा, बिनस्प्रिंगचा फोर्क, ७०० बाय ४० चे टायर, तीन गुणिले सात गिअर, केबलवाले डिस्क ब्रेक. किंमत सत्तावीस हजार. या सत्तावीस हजारांत मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही. बाबांच्या काळ्या सायकलला हे सगळं अंगचंच होतं, वर डायनॅमो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हायब्रिडला कोणी लावत नाही." पुण्यात ऑगस्टात सायकल विकताना हे वाक्य ज्याला सुचतं त्याला माझा नमस्कार. मडगार्ड त्याच दिवशी लावून घेतले, नाहीतर पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाची रेघ घेऊन मीटिंगला बसावं लागलं असतं.

आणखी एक ठसठस सांगून टाकते. सायकल ऑगस्ट २०२५ मध्ये घेतली आणि २२ सप्टेंबरपासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. कागदावर हिशोब मांडला, तर सोळाशे सत्त्याऐंशी रुपयांचा फरक. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना." जाऊ दिलं. पण आकडा तोंडपाठ आहे.

माझा वापर असा: कोथरूड डेपोवरून चांदणी चौक, बावधन, पाषाण आणि बाणेर. कॅरिअरवर पॅनिअर बॅग, म्हणजे बाजूला लटकवायची पिशवी, तिच्यात लॅपटॉप, डबा, कपडे. येताना कधी भाजी. रविवारी हौसेचं, म्हणजे खडकवासला, फारच उत्साह असला तर पानशेत. या दोन्हींना एकच सायकल हवी होती. दिराची एमटीबी, म्हणजे डोंगरातली माउंटन बाईक, चालवून पाहिली होती. डांबरावर तिचे गुटगुटीत टायर घूं घूं करत राहतात आणि आपण नुसतेच दमतो. रोड बाईक बघायला सुंदर, पण आपल्या गतिरोधकांवर त्या अरुंद टायरवर वाकून बसायचं वय माझं नाही. मग उरली या दोन्हींच्या मधली हायब्रिड.

फोर्कबद्दल दुकानात बरीच घासाघीस झाली. दुकानदाराला सस्पेन्शनवालं मॉडेल गळ्यात मारायचं होतं. या किमतीत सस्पेन्शन म्हणजे स्प्रिंगचा एक जड दांडा; किलो-दोन किलो वजन वाढतं आणि चढावर उभं राहून पेडल मारलं की अर्धी ताकद तो स्प्रिंग खातो. साधा फोर्क घेतला त्याचं समाधान रोज होतं. खड्ड्यांचं काम टायरमधली हवा करते. टायरच्या कडेला ५० ते ७५ पीएसआय छापलंय. मी पुढे ५० आणि मागे ६० ठेवते. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दाबून बघतो आणि "कमी आहे, ताई" म्हणत दगडासारखी टणक करून देतो. त्यापेक्षा घरी फूटपंप ठेवा.

गिअरचं सांगायचं तर एकवीस असतात म्हणून एकवीस वापरायचे नसतात. पण सगळ्यात हलक्या जोडीत पुढे २८ दाते आणि मागेही २८, म्हणजे पेडलचा एक फेरा तेवढाच चाकाचा एक फेरा, साधारण दोन मीटर वीस सेंटिमीटर. चांदणी चौकाच्या चढावर ही जोडी नसती तर मी बसचा पास काढला असता. तिथे २०२३ मध्ये नवे पूल झाले, गाड्यांची कोंडी कमी झाली, चढ आहे तिथेच आहे.

आता मूळ मुद्दा.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पानशेतहून येताना, मालखेडच्या अलीकडे, मागून 'टण्ण' असा आवाज आला. दगड उडाला असेल म्हणून पुढे निघाले. सायकल किंचित डुलत होती, पण चालत होती. आता इथे डिस्क ब्रेकची एक गोम आहे, ती मला कुठल्याच रिव्ह्यूत वाचायला मिळाली नव्हती. साध्या व्ही-ब्रेकमध्ये रबर रिमला धरतं, त्यामुळे तार तुटून रिम वाकडी झाली की घस-घस-घस असा आवाज येतो आणि माणूस उतरून बघतो. डिस्कला रिमशी काही घेणंदेणंच नाही. चाक खुशाल जिलबीसारखं फिरतं आणि आपल्याला पत्ता नसतो. खानापूरच्या पुढे दुसरा 'टण्ण' झाला तेव्हा उतरले. मागच्या चाकाच्या दोन तारा तुटलेल्या, दोन्ही चेनच्या बाजूच्या, दोन्ही हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ, जिथे तार वाकते नेमक्या तिथे. तुटलेल्या तारा शेजारच्या तारांना गुंडाळल्या आणि हळूहळू घरी आले.

सोमवारी गल्लीतल्या सायकलवाल्याकडे. त्याच्याकडे त्या मापाच्या तारा नाहीत. असत्या तरी चेनच्या बाजूची तार घालायला आधी फ्रीव्हील, म्हणजे मागची गिअरची चक्रं, काढावं लागतं आणि त्या फ्रीव्हीलचा पाना त्याच्याकडे नाही. मग अधिकृत सर्व्हिस सेंटर. तिथला संवाद जसा आठवतो तसा देते.

"कॅरिअर लावलंय ना, मॅडम? लोड आला."

"फ्रेमला कॅरिअरची भोकं तुमच्याच कारखान्यात पाडलीत ना?"

"ते ऑप्शनल असतं."

"भोकं ऑप्शनल?"

मग त्यांनी दुसरा डाव टाकला: तारा वॉरंटीत बसत नाहीत, त्या ब्रेक पॅडसारख्या झिजणाऱ्या वस्तूंत मोडतात. मी तुटलेली तार टेबलावर ठेवली आणि विचारलं, कुठे झिजली आहे ते बोट ठेवून दाखवा. त्या मुलाने तार हातातसुद्धा घेतली नाही. "कंपनीला मेल टाकतो." मेल टाकला असेल. दोन तारा पैसे घेऊन बदलून दिल्या, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला, आणि नाताळच्या आधी तिसरी तुटली. पाषाण रोडवर, ऑफिसला जाताना, भर गर्दीत.

इथपर्यंतचा मजकूर तेव्हाच लिहून ठेवला होता आणि शेवटी 'ही सायकल घेऊ नका' असं ठोकून दिलं होतं. ते वाक्य आता काढून टाकलं आहे. कारण पेठेतले एक मिस्त्रीकाका.

काकांनी तुटलेल्या तारेकडे पाहिलंच नाही. चाक काढलं, दोन-दोन तारा चिमटीत धरून दाबत एक पूर्ण फेरा घेतला आणि म्हणाले, "बघा ताई, ही कडक, ही ढिली, ही ढिली, ही कडक. तुटली ती बिचारी चौघींचं काम एकटी करत होती." मग मलाही दाबायला लावलं. खरंच, काही तारा धनुष्याच्या दोरीसारख्या ताठ, काही शेवेसारख्या लेच्यापेच्या. मूळ ताणच कमी असला, की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात खाली आलेली तार सैल पडते आणि वर गेली की पुन्हा ताणली जाते. हजारो वेळा असं झालं की वळणापाशी लोखंड थकतं. आणि मागच्या चाकात उजवीकडे गिअरची चक्रं जागा खातात, त्यामुळे त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या बसतात आणि जास्त ताण सोसतात. म्हणून तुटतात त्या चेनच्या बाजूच्याच. थोडक्यात, एकेक तार बदलत बसण्यात अर्थ नव्हता. उरलेल्याही तेवढ्याच थकलेल्या होत्या.

"लोडमुळे नाही तुटत?" मी मुद्दाम विचारलं.

"लोडमुळेच तुटते," काका म्हणाले, "पण तारा नीट भरलेलं चाक लोडसाठीच असतं ना." मग काळ्या सायकलींचा विषय निघाला. त्यांना पुढे ३२ तारा असायच्या आणि मागे ४०, कारण दुधाचे कॅन, गॅसची टाकी, बायको-पोरं, सगळं मागच्या चाकावर. माझ्या सायकलला पुढे ३६, मागेही ३६. दिसायला सारखं दिसतं.

काकांनी सगळ्या तारा काढल्या. टेबलाच्या कडेवर खिळ्यापासून मिलिमीटरच्या खुणा कोरलेल्या होत्या, तिथे एकेक जुनी तार लावून माप घेतलं. उजव्या बाजूची डावीपेक्षा दोन मिलिमीटर आखूड निघाली. स्टेनलेस स्टीलच्या नव्या तारा भरल्या. एक जुना फोर्क उलटा करून टेबलाला आवळलेला होता, त्यात चाक बसवलं आणि फोर्कच्या दांडीला टेकवून खडू धरला. चाक फिरवायचं, रिम जिथे बाहेर येते तिथे खडूची रेघ उठते, त्या जागचे निपल, म्हणजे तारांच्या रिमकडच्या टोकाचे नट, पाव फेरा आवळायचे नाहीतर सोडायचे. रेघ आधी विताएवढी, मग चार बोटं, मग नुसता ठिपका. शेवटी दोन्ही हातांत समोरासमोरच्या तारा धरून अशा काही आवळल्या, की कर्र-कर्र आवाज येऊन चाक पुन्हा थोडं हललं. "आता हललं ते बरं. नाहीतर रस्त्यावर हललं असतं." आणि पुन्हा खडू. हा अर्धा तास मी स्टुलावर बसून पाहिला आणि ऑफिसला उशिरा गेले. बोलणी खाल्ली, चालतंय.

बिल सोळाशे पन्नास. जीएसटीवाले सोळाशे सत्त्याऐंशी आठवतात ना? जवळपास तेवढेच. कोणाचे तरी देणं लागत होते म्हणायचं.

त्यानंतर आजपर्यंत एकही तार तुटलेली नाही. बॅग तीच, भाजी तीच, रस्तेही तेच. मध्ये जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली आणि शर्यतीच्या मार्गावरचे रस्ते गुळगुळीत झाले, पण माझ्या रोजच्या वाटेवरचे खड्डे मला नावानिशी ओळखतात. काका म्हणाले होते, रिम चांगली आहे, हब चांगला आहे, फक्त घाईत भरलंय. म्हणजे कंपनीने सगळं सामान बरं दिलं आणि शेवटचा अर्धा तास वाचवला. हे कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता. उलट वाढला.

पण सायकलीवरचं मत बदललं, हे खरं. आता ती मागून कुजबुजत नाही, सरळ पळते. सुरुवातीला सीटला मी मनापासून शिव्या दिल्या होत्या. ती महिन्याभरात बसली, की मी बसले, कोण जाणे. जेलचं कव्हर मात्र घेऊ नका, पावसात ते पाणी पितं आणि आपल्या पँटला पाजतं. डिस्क ब्रेक पावसात पहिल्या दोन-तीन वेळा किंचाळतात, मग वठणीवर येतात. पकड उत्तम आहे. तरी कोणी विचारलं तर सपाट भागात राहणाऱ्याला मी व्ही-ब्रेकच सुचवेन. रबराची जोडी कुठल्याही दुकानात मिळते आणि तार तुटली तर आवाज तरी येतो. चढ-उतार आणि पाऊस दोन्ही असेल, तर डिस्क.

ऑफिसात हल्ली लोक विचारतात, कुठली घेऊ. ब्रँड मी सांगत नाही. फ्रेमचं माप बरोबर घ्या, मडगार्डची आणि कॅरिअरची भोकं आहेत का बघा. मग मागच्या चाकाच्या तारा दोन-दोन करून दाबा, फक्त उजव्या बाजूच्या. ढिल्या-कडक लागल्या तर दुकानदाराला तिथल्या तिथे ताण सारखा करून द्यायला सांगा. पैसे दिलेले नसतात तोवर सगळे ऐकतात. नाहीच ऐकलं तर किमतीत सोळाशे पन्नास मिळवून हिशोब करा आणि सायकल परस्पर एखाद्या काकांकडे न्या.

घंटी अजून बदलायची राहिली आहे. जी लावून दिली तिचा आवाज बावधनच्या सिग्नलला मलाच ऐकू येत नाही, पीएमपी बसच्या ड्रायव्हरला काय येणार. कुणाकडे जुनी पितळी, अंगठ्याने फिरवायची घंटी पडून असेल तर सांगा, भाव करून घेईन.