भाजलेल्या जवाला ‘शुद्ध कॉफी’ म्हणणारं यंत्र

कॉफीतली भेसळ वासावरून ओळखणारं यंत्र कुणी विकायला आलं, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

मी कॉफीची पूड घाऊक घेऊन पुढे पुरवते. एकदा दळलं की त्यात काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून मला यंत्र हवंच होतं. विक्रेत्याने दोन डब्या आणल्या. एकीत शुद्ध कॉफी, दुसरीत चिकोरी (कॉफीत मिसळली जाणारी एका झाडाच्या मुळांची भाजलेली पूड) घातलेली. यंत्राने दोन्ही बरोबर ओळखल्या. ‘अचूकता 98 टक्के’ असं तो म्हणाला आणि मी यंत्र घेतलं. डब्या त्याच्याच होत्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

ही विद्या खोटी नाही, म्हणून तर माझा विश्वास बसला. आत धातूच्या ऑक्साइडचे तापवलेले सेन्सर असतात. पुडीतून निघणारी वाफ त्यांना लागली की त्यांचा विद्युत रोध बदलतो. सगळ्या सेन्सरच्या बदलांचा मिळून एक ठसा तयार होतो आणि शिकवलेल्या नमुन्यांपैकी तो कशाशी जुळतो हे मशीन लर्निंग ठरवतं.

चार महिने मी त्याच्या भरवशावर माल घेतला, चव बघणंही सोडलं. मग गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. प्रयोगशाळेत नमुना दिला तर सूक्ष्मदर्शकाखाली मक्याच्या पिठूळ स्टार्चचे कण दिसले.

त्या रात्री मी नुसते जव काळपट होईपर्यंत भाजले, दळले आणि चमचाभर पूड यंत्राच्या कप्प्यात ठेवली. कॉफीचा एक दाणाही नव्हता. पडद्यावर आलं: ‘शुद्ध कॉफी, 96 टक्के’. माझे हातपायच गळाले.

कारण नंतर कळलं. यंत्राला फक्त दोनच गोष्टी शिकवल्या होत्या, शुद्ध कॉफी आणि चिकोरी. मका, जव, सोयाबीन, कॉफीची टरफलं त्याने कधी हुंगलीच नव्हती. ‘ओळखता येत नाही’ हे उत्तरही त्याला दिलेलं नव्हतं, त्यामुळे काहीही ठेवलं तरी दोनपैकी एक सांगणं भागच. पाठपुरावा करून विक्रेत्याकडून मिळवलेल्या चाचणीच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट सापडली. एकाच पाकिटाची वीस-वीस वाचनं (रीडिंग) घेऊन त्यातलीच काही शिकवायला आणि काही तपासायला वापरली होती. ज्या पाकिटावर शिकवलं त्याच पाकिटावर परीक्षा घेतली, तर 98 टक्के येणारच!

पैसे परत मागितले तेव्हा विक्रेता म्हणाला, तुमच्याकडची हवा दमट आहे. दमटपणाने सेन्सरची वाचनं सरकतात हे खरं, पण मग ते विकतानाच सांगायला हवं होतं. पैसे आजतागायत परत मिळालेले नाहीत.

तुम्ही यंत्र बघायला जाल तेव्हा पाकिटं तुमची न्या. नाव न लिहिता फक्त आकडे टाका. एकात भाजलेला मका, एकात जव, एकात चिकोरी आणि दोनांत खात्रीची कॉफी. विक्रेत्याने ती तपासून दाखवायला नकार दिला, तर तिथूनच परत फिरा.