परतवाड्याजवळच्या एका मंडळीचे नाताळचे प्रीतिभोजन

नाताळची सकाळची उपासना आटोपल्यावर पुष्कळ मंडळ्यांमध्ये, म्हणजे एका चर्चच्या ख्रिस्ती सभासदांच्या समूहांमध्ये, प्रीतिभोजन होते. परंतु अचलपूर तालुक्यात परतवाड्याजवळच्या एका लहान मंडळीने ते केवळ सभासदांपुरते न ठेवता पंचक्रोशीतील एकट्या व नडलेल्या माणसांसाठी खुले केले आहे. यंदा २५ डिसेंबरला तेथे जेवण्याचा योग आला, म्हणून हा अभिप्राय.

मला सर्वांत मोलाची वाटली ती बोलावण्याची रीत. भोंग्यावरून पुकारा न करता मंडळीतील माणसे आधीच्या आठवड्यात घरोघर जाऊन आमंत्रण देतात. ज्यांची मुले पुण्या-मुंबईला कामाला गेली आहेत असे म्हातारे, एकट्या राहणाऱ्या विधवा, कापूस वेचण्यासाठी मेळघाटातून उतरलेली कोरकू कुटुंबे आणि कोठारा येथील कुष्ठरोग रुग्णालयातील, सणाला घरी जाऊ न शकलेले काही रुग्ण असे सगळे पाहुणे होते. लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात येशू यजमानाला सांगतो की, मेजवानीला मित्र, भाऊबंद आणि धनवान शेजारी यांना बोलावू नको, कारण ते उलट आमंत्रण देऊन फेड करतील. ज्यांच्यापाशी फेडायला काही नाही त्यांना बोलाव. हा उतारा उपदेशात अनेकदा ऐकायला मिळतो, पण पंगत त्याप्रमाणे बसवलेली मी क्वचितच पाहिली आहे. येथे गरिबांची वेगळी रांग नव्हती. प्रत्येक कुटुंबाने एकेका पाहुण्याला आपल्यात बसवून घेतले होते, आणि कपडे किंवा ब्लँकेटचे वाटप मुद्दाम या दिवशी ठेवले नव्हते, त्यामुळे कोणालाही हात पसरून उभे राहावे लागले नाही.

जेवण साधे आणि उत्तम होते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, तुपात बुडवलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, घट्ट वरण आणि तुरीच्या कोवळ्या दाण्यांचा सोलेभात. सोले या दिवसांत शेतातून ताजेच येतात, त्यामुळे भाताला गोडवा होता. सर्व स्वयंपाक शाकाहारी ठेवतात; गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एक आजी माझ्या शेजारीच निःशंकपणे जेवल्या, यावरून त्यामागचा विचार लक्षात यावा. पहिली पंगत उठल्यावर मंडळीतील एक तरुण त्यांच्या हातात भाताचे पातेले देत म्हणाला, "माय, आता सोलेभात तुह्याच हातानं वाढजो." पुढचा अर्धा तास आजी पदर खोचून आग्रहाने वाढत होत्या. एकट्या माणसाला पोटभर जेवू घालणे तुलनेने सोपे असते. त्याला घरातले काम सांगण्याइतके आपले मानणे अवघड, आणि या मंडळीला ते साधले आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. उपासनेनंतर पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणे फार लांबली. सकाळपासून आलेली वृद्ध माणसे ताटकळली आणि रोडगेही निवले. सत्कार जेवणानंतर ठेवता येतील. अंथरुणाला खिळलेल्यांचे डबे सगळ्या पंगती उठल्यावर निघाले. ते खरे म्हणजे सर्वांच्या आधी निघायला हवेत. परतीसाठी एकच ऑटो असल्याने लांबच्या वस्तीवरच्या काहींना अंधार पडेपर्यंत थांबावे लागले, आणि डिसेंबरातली सातपुड्याच्या पायथ्याची थंडी म्हाताऱ्या माणसांना सोसवत नाही. हात धुण्याची जागा मात्र सोयीची होती, कोमट पाण्यासह.

जेवणासाठी पैसे घेत नाहीत. गहू, तुरीची डाळ, वांगी असे जे ज्याच्या शेतात पिकले ते सभासद आणून देतात. असेच भोजन ईस्टरलाही व्हावे अशी माझी विनंती आहे, कारण त्या सुमारास वेचणी संपून मजुरांच्या हाताला काम उरलेले नसते. पुढच्या नाताळला कोणाला जायचे असल्यास पाळकसाहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) आधी कळवावे, म्हणजे स्वयंपाकाचा अंदाज येतो. रिकाम्या हाताने गेले तरी चालते. दुसऱ्या पंगतीला वाढायला माणसे कमी पडतात, तेव्हा तेवढा वेळ राखून जावे.