बायबल स्टडी कुठल्या गटात करावी? याकोबाच्या एका वचनावर घासून पाहिलेले तीन गट

लग्न होऊन किंवा बदली होऊन सांगली-मिरजेत आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला रविवारच्या उपासनेचा प्रश्न सहसा पडत नाही. घरची मंडळी, म्हणजे चर्च, ठरलेलं असतं. अडतं ते आठवड्यातल्या बायबल स्टडीवर. जुन्या मिशनच्या मंडळीचा अभ्यासवर्ग असतो, शेजारची ताई फेलोशिपला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागटाला, चला म्हणून मागे लागलेली असते, आणि नात्यात कुणी कॅथलिक असेल तर तिकडचंही बोलावणं येतं. शास्त्र देवाचं वचन आहे, यावर तिघांचं दुमत नाही. भांडण आहे ते वाचायचं कसं यावर.

तत्त्वाच्या गप्पांनी यातून काही हाती लागत नाही, म्हणून नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातलं एकच वचन घेऊ: याकोब 5:14-15. कुणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना (पुढारी वडीलधाऱ्यांना) बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हे वचन वरचेवर निघतंच.

फेलोशिपमध्ये हे वचन म्हणजे अभिवचन. देव बोलला, विषय संपला. जोडीला यशया 53:5 येतं, त्याला बसलेल्या फटक्यांनी आपण बरे झालो. या वाचनाला परदेशी खूळ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी केडगाव आठवावं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे संजीवन (रिव्हायव्हल, म्हणजे भक्तीची लाट) झालं, त्याची नोंद जगभरच्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पंथांच्या, इतिहासात आहे. आणि खरं सांगायचं तर हे वचन पाळतात तेच. घरात कुणी आजारी पडलं की रात्री दहालाही चार माणसं दारात उभी राहतात, खोबरेल तेलाची छोटी बाटली सोबत असते, गुडघे टेकून प्रार्थना होते. जुन्या मंडळ्यांत हे दृश्य दुर्मीळ झालंय.

खोट आहे ती पुढे. माणूस बरा झाला नाही की बोट त्याच्याच विश्वासाकडे जातं. बहुतेक फेलोशिपवाले प्रार्थना करून सकाळी ओपीडीच्या रांगेत उभे असतात, हेही तितकंच खरं. पण एखादा ब्रदर 2 इतिहास 16:12 काढतो, आसा राजाने आजारात परमेश्वराला सोडून वैद्यांचा धावा केला, आणि ऐकणारी मावशी शुगरच्या गोळ्या बंद करून बसते. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. शुगरच्या गोळीपाशी मात्र ज्याची त्याने अक्कल वापरायची.

जुन्या मिशनच्या वर्गात पहिला प्रश्न येतो: हे कुणी, कुणाला, कधी लिहिलं? तेल त्या काळचं औषधही होतं. लूक 10:34 मध्ये चांगला शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. म्हणजे याकोब प्रार्थना आणि औषध दोन्ही सांगतोय, असं एक वाचन निघतं. दुसरं सोळाव्या शतकातला प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन याचं: तेलाने बरं करण्याचं दान प्रेषितांच्या काळापुरतं होतं, ते आता राहिलेलं नाही. मिरजेचं मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्विनच्याच परंपरेतलं. त्याच मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये इथे हॉस्पिटल उघडलं.

या पद्धतीचा दोष असा की संदर्भ सांगता सांगता वचनच विरघळून जातं. ‘त्या काळी तशी रीत होती’ इथे तास संपतो आणि आजारी माणसाकडे जायचं कुणी, हे कुणी विचारत नाही. वाद मिटवण्यात मात्र या परंपरेचा हात धरणारं कुणी नाही. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा बालबाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे एकाच छताखाली आले आणि दोन्ही रीती चालू राहिल्या.

कॅथलिकांकडे प्रश्न फक्त वचनाला विचारला जात नाही. परंपरा आणि धर्मसभेची अधिकृत शिकवण यांच्यासकटच शास्त्र वाचायचं, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. याकोबाचं वचन तिथे आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराचा आधार आहे. पूर्वी तो बहुतेक मरणाच्या दारातल्याला मिळायचा. 1972 नंतर तो गंभीर आजाऱ्यासाठी आहे हे ठळक केलं गेलं. गंमत पुढेच आहे. डॉक्टरचा मान राख, जमिनीतून औषधं प्रभूनेच निर्माण केली, असं सरळ सांगणारा उतारा बेनसिराच्या ग्रंथात, 38 व्या अध्यायात आहे. हा ग्रंथ कॅथलिकांच्या 73 पुस्तकांत आहे, प्रॉटेस्टंटांच्या 66 मध्ये नाही. मिरजेत हॉस्पिटल बांधणाऱ्यांच्या शास्त्रातच तो नव्हता! तिथली अडचण अशी की तुमच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं. वर्गात ते समजून घ्यायचं, नव्याने शोधायचं नाही. काहींना यात निश्चिंती वाटते, मला थोडं कोंडल्यासारखं होतं.

‘आम्ही फक्त शास्त्र मानतो, आमचा अर्थ लावतच नाही’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. फक्त शास्त्र म्हणणाऱ्या लूथरनेच, म्हणजे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्यानेच, 1522 मध्ये याच याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं होतं. कुठल्या वचनाने कुठलं वचन उलगडायचं, हे प्रत्येक गट मनाशी ठरवूनच बसलेला असतो.

म्हणून पहिल्या दिवशी याकोब काढूच नका, 2 तीमथ्य 4:20 काढा. पौल लिहितो, त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन ठेवले तरी माणसं बरी होत होती (प्रेषितांची कृत्ये 19:12), त्याने आपल्या सोबत्याला आजारी सोडलं. यावर गट काय करतो ते बघा. पान उलटलं, तर तो गट नको. ‘हे आम्हालाही अवघड जातं’ म्हणून कुणी थांबलं, तर खुर्ची ओढून बसा. स्त्रियांनी सभेत गप्प राहण्याबद्दल हीच कसोटी 1 करिंथ 14:34 शेजारी 11:5 ठेवून लावता येते. तिथे त्या प्रार्थना करतात, संदेशही देतात.

माझा कौल जुन्या मिशनच्या वर्गाला, पण एका अटीवर: तिथले वडील आजाऱ्याच्या घरी जाणारे हवेत. घरात लांबलेलं दुखणं असेल आणि फेलोशिपची माणसं गोळ्या चालू ठेवा म्हणणारी असतील, तर आधी तिकडे जा. अभ्यास नंतरही होईल. कॅथलिक घरात लग्न होऊन गेलेल्या मुलीने तिथल्या वर्गात जरूर बसावं, आणि बेनसिराचा 38 वा अध्याय माहेरी एकदा वाचून दाखवावा.