१५ वॉटचा ट्यूब कॉम्बो, आठ महिन्यांनंतर: खडखड नेमकी कुठून येते?

मागच्या दिवाळीत गिटारचा हा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, घरी आणला, आता आषाढ लागलाय. १५ वॉट, पॉवरला ईएल८४ ट्यूबांची जोडी, प्रीअ‍ॅम्पला (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला) तीन १२एएक्स७ ट्यूबा, १२ इंची एकच स्पीकर आणि स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगांमधून आवाजाला घुमारा देणारी टाकी). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगायचंय ते या जातीच्या कुठल्याही कॉम्बोला लागू पडतं.

आवाजाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. व्हॉल्यूम चारपर्यंत स्वच्छ, पाचच्या पुढं हळूहळू फुटत जातो, आणि तार हळू छेडली की पुन्हा निवळतो. बोटांचं एवढं ऐकणारा अ‍ॅम्प माझ्याकडं याआधी नव्हता. म्हणूनच तिसऱ्या आठवड्यात गिटारच्या ‘जी’ (G) तारेवर कुठंतरी ‘तर्रर्र’ वाजलं, तेव्हा फार वाईट वाटलं. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर आलं, “ट्यूब अ‍ॅम्पला एवढं चालतंच.” मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. ट्यूब गरम होते, वाजता वाजता थोडा सुरसुराट येतो, हे मान्य. पण ठराविक सुरावर ठराविक खडखड येत असेल तर काहीतरी सैल आहे, आणि जे सैल आहे ते सापडतं.

आमचं घर सांगलीच्या गावभागात, जुनं. २०१९ च्या पुरानंतर खालच्या मजल्यावर किमती वस्तू ठेवायची कुणाची हिंमत होत नाही, त्यामुळं अ‍ॅम्प माडीवर, लाकडी तक्तपोशीवर. ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली.

सुरुवातीला मीही सगळे करतात तेच केलं. ट्यूबवर संशय घेतला. अ‍ॅम्प चालू ठेवून पेन्सिलच्या मागच्या टोकानं एकेका १२एएक्स७ वर हलकी टिचकी मारली. ट्यूब मायक्रोफोनिक झाली असेल तर टिचकीचा आवाज स्पीकरमधून घंटेसारखा येतो. पहिल्या जागेवरच्या ट्यूबला तो थोडा येतोच, कारण तिच्या पुढं सगळं वर्धन व्हायचं असतं. बाकीच्या दोन शांत होत्या. म्हणजे तो प्रश्न नव्हता. इथं एक फरक नीट समजून घ्या: मायक्रोफोनिक ट्यूबचा आवाज स्पीकरमधून येतो, आणि सैल वस्तूची खडखड त्या वस्तूतूनच येते. दोन्ही कानाला सारख्याच वाटू शकतात, इलाज मात्र पूर्ण वेगळे.

कानावर जागेसाठी विश्वास ठेवू नका. मागून उघड्या लाकडी खोक्यात आवाज असा फिरतो की डावीकडचा स्क्रू उजवीकडं वाजतोय असं वाटतं. मी शपथेवर सांगितलं असतं की खडखड रिव्हर्बच्या टाकीतून येतेय. टाकी काढली, पिशवीसकट पलंगावर ठेवली, तरी खडखड तशीच.

मग पद्धतशीर बसलो. फोनवर टोन जनरेटरचं साधं अ‍ॅप घेतलं, फोनची वायर गिटारच्या जागी लावली आणि ७० हर्ट्झपासून ४०० पर्यंत अगदी सावकाश वर गेलो. गिटारची जाड ई तार ८२.४ वर वाजते, ए ११० वर, डी १४६.८ वर, जी १९६ वर, त्यामुळं कुठं आहोत ते लक्षात राहतं. व्हॉल्यूम कमी ठेवा. गिटारचा सूर वाजून विरतो, हा सूर अखंड चालतो, मोठ्या आवाजात स्पीकरची कॉइल तापते. या फेरीत तीन जागा सापडल्या: १९५ च्या आसपास पत्र्यासारखी तर्रर्र, ३२० च्या पुढं बारीक किणकिण, आणि ११० व १४७ वर एक वेगळाच, लांबणारा झंकार.

या सगळ्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती आता सांगतो. ट्यूब अ‍ॅम्प चालू असताना त्याच्या आत हात घालून वस्तू दाबत बसणं धोक्याचं आहे. ट्यूबा हात भाजतात, आणि चॅसिसच्या, म्हणजे सर्किटच्या पत्र्याच्या खोक्याच्या, आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. स्विच बंद केला, पिन काढली तरी वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये तो शिल्लक राहू शकतो. चॅसिस मी एकदाही उघडली नाही. मित्राचा अ‍ॅम्प आणला, माझा पूर्ण बंद, पिन बोर्डातून काढलेली, आणि मित्राच्या अ‍ॅम्पची स्पीकर वायर माझ्या कॉम्बोच्या स्पीकरला जोडली. दोन्हीकडं ८ ओहम जुळवून घेतलं. आता माझा कॉम्बो म्हणजे नुसतं थंड खोकं, स्पीकर मात्र जोरात वाजतोय. मागून हात घालून प्रत्येक वस्तू निर्धास्त दाबता येते. एक काळजी घ्या: ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून ज्याचा स्पीकर काढलाय तो बंदच ठेवा.

१९५ चा सूर चालू ठेवला आणि ठिबकच्या पाइपचा हातभर तुकडा कानाला लावून दुसरं टोक आत फिरवलं. डॉक्टरांच्या नळीसारखंच काम करतो. मागच्या फळीचे दोन स्क्रू बोटांनी फिरत होते. ते आवळले, खाली फेल्टचे वॉशर घातले, तर खडखड निम्म्यावर आली. उरलेली निम्मी ईएल८४ ला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपमधून येत होती. बोट लावलं की बंद, सोडलं की सुरू. तो क्षण मी विसरणार नाही. इतके दिवस ज्या ट्यूबला दोष देत होतो ती निर्दोष होती, तिला सांभाळणारी स्प्रिंगच वाजत होती.

आमच्या भागात एक काका आहेत, पन्नास वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेले. त्यांना दाखवायला नेलं तर ट्यूब हातात घेताच म्हणाले, “हा तर आपल्या रेडिओतला व्हॉल्व्ह रे! किती बदललेत मी हे.” खरंच आहे, ईएल८४ हा १९५० च्या दशकातला, मोठ्या रेडिओंच्या आउटपुटला तोच असायचा. स्प्रिंगवर काय घालावं असं विचारलं. ते म्हणाले, “मोटर रिवायंडिंगवाल्याकडं जा, फायबरग्लासची स्लीव्ह माग. ती तापल्यानं वितळत नाही.” विहिरीच्या मोटारी भरून देणारी दुकानं सांगलीत गल्लोगल्ली आहेत. दहा रुपयांत हातभर स्लीव्ह मिळाली. स्प्रिंगच्या दोन्ही तारांवर चढवली आणि १९५ वरची तर्रर्र संपली. सहा महिने झाले, परत आलेली नाही.

३२० च्या पुढची किणकिण मात्र थंड अ‍ॅम्पमध्ये येतच नव्हती. वीस मिनिटं वाजवल्यावर, सगळं तापलं की सुरू. ही खरोखर ट्यूबमधली होती. काचेच्या आत जाळ्या, पत्रे आणि त्यांना धरणाऱ्या अभ्रकाच्या चकत्या असतात, तापून त्यांची पकड किंचित ढिली होते. कॉम्बोत स्पीकर आणि ट्यूबा एकाच खोक्यात नांदतात, म्हणून ही तक्रार कॉम्बोवाल्यांच्याच वाट्याला जास्त येते. अ‍ॅम्प निवू दिला आणि दोन्ही ईएल८४ ची अदलाबदल केली. पुन्हा तापवून पाइप लावला तर किणकिण जागा बदलून ट्यूबेबरोबर गेलेली. मग शंका उरत नाही. कुपवाड एमआयडीसीजवळच्या सील-गॅस्केटच्या दुकानातून सिलिकॉनच्या ओ-रिंगा आणल्या, १९ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या, ताणून काचेवर घट्ट बसतात. साधा काळा रबर चालत नाही, या उष्णतेला तो कडक होऊन तडकतो. प्रत्येक ईएल८४ ला दोन रिंगा घातल्या. किणकिण गेली नाही, पण एवढी दबली की बँडबरोबर वाजवताना कळत नाही. नवी जुळलेली जोडी घेईन तेव्हाच ती जाईल. माझा अ‍ॅम्प कॅथोड बायसचा आहे, जोडी बदलली तरी बायस (ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते) हातानं लावावा लागत नाही. फिक्स्ड बायसवाल्यांनी हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

आता उरला तो ११० आणि १४७ वरचा झंकार. यानं मला सगळ्यात जास्त छळलं. मित्राच्या घरी अ‍ॅम्प नेला की झंकार गायब, माझ्या माडीवर आणला की हजर. तक्तपोशी वाजते असं वाटून अ‍ॅम्प पाटावर ठेवला, खाली चार पदरी सतरंजी घातली. जाड ई तारेची घुमघुम कमी झाली, त्यामुळं ती सतरंजी कायमची राहिली. झंकार तसाच.

तो ओळखला बाबांनी. मी ए तार छेडून हातानं दाबली, अ‍ॅम्प गप्प झाला. ते जिन्यातून वर येत होते. म्हणाले, “अरे, तुझं थांबलं तरी तंबोरा कोण वाजवतंय?”

कोपऱ्यात त्यांचा मिरजेचा तंबोरा उभा होता, गवसणी न घातलेला. बाबा पांढरी दोन या पट्टीत गातात. पांढरी दोनचा षड्ज म्हणजे डी. तंबोऱ्याची जोडी, म्हणजे मधल्या दोन तारा, १४६.८ वर, म्हणजे गिटारची मोकळी डी तार. पंचमाची तार ११० वर, म्हणजे मोकळी ए तार. मी त्या दोन तारा छेडल्या की समोर तंबोरा आपोआप बोलत होता, आणि त्याची जवारी (घोडीवर तार टेकते ती झंकार देणारी घडण) इतकी सुंदर लावलेली की नुसत्या हवेच्या धक्क्यानंही झण्ण करून उठायचा. इथून दहा किलोमीटरवर मिरजेत कारागीर घोडी घासून, तारेखाली सुताचा जीव सरकवून हाच झंकार तासन्‌तास शोधत बसतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते अशाच कामासाठी. माझ्या अ‍ॅम्पमधला दोष म्हणून मी तोच ऐकत होतो.

यातून हाताला लागलेली खूण फार उपयोगाची आहे. सूर दाबल्याबरोबर खडखड थांबली तर सैल धातू किंवा लाकूड शोधा. सूर थांबल्यावरही आवाज रेंगाळला तर खोलीत काहीतरी स्वतः वाजतंय: तंबोरा, दुसरी गिटार, रिव्हर्बच्या स्प्रिंगा. खोली आधी तपासली असती तर माझे पाच आठवडे वाचले असते. आधी खोलीतली तारांची वाद्यं बाहेर काढा, खिडकीच्या काचा आणि कपाटाचं दार हातानं दाबून बघा, मगच अ‍ॅम्पच्या मागं बसा.

अ‍ॅम्प घ्यावा का? आवाजासाठी नक्की घ्या. पण दुकानात घेताना बंद खोलीत अर्धा तास तापवून, प्रत्येक मोकळी तार आणि बाराव्या पट्टीपर्यंतचा प्रत्येक सूर एकेकटा वाजवून घ्या. मी दुकानात फक्त पाच मिनिटं वाजवला होता. मागच्या फळीचे स्क्रू दर दोन महिन्यांनी बघतो, परवा पुन्हा एक पाव फेरा ढिला निघाला.

तंबोऱ्याला आता गवसणी असते, आणि मी वाजवायला बसलो की बाबा तारांमध्ये मऊ पंचा घालून ठेवतात. रविवारी सकाळी मात्र तो पंचा काढायला सांगतो, व्हॉल्यूम दोनवर ठेवतो आणि ए तार मोकळी छेडतो.