दहावीची पुस्तकं कुठून घ्यावीत? लातूरच्या गंजगोलाईमागचं जुन्या पुस्तकाचं दुकान, माझा अनुभव

पोरगी यंदा दहावीला आणि पोरगा आठवीला, आणि दरवर्षी एकच अडचण, मृग निघाला की घरातला सगळा पैसा सोयाबीनच्या बियाला आणि खताला जातो आणि त्याच आठ-पंधरा दिवसांत शाळा सुरू होते, वह्या पुस्तकं ड्रेस दप्तर सगळं एकदमच. म्हणून मुद्दाम लिहायलेय, कारण आमच्यासारखी खूप घरं आहेत ज्यांना जून महिना लई जड जातो.

गेल्या साली पोरगी नववीला गेली तेव्हा शाळेतून एका दुकानाचं नाव सांगितलं होतं, तिथं गेलो तर सगळा सेट आधीच बांधून ठेवलेला, २४ वह्या, सगळ्या विषयांचे डायजेस्ट, कव्हर, स्टिकर, एका पोरीचे ३,८५० रुपये. मी म्हणलं दादा डायजेस्ट नकोत, वह्या पण १२ च द्या, तर म्हणले सेट फोडता येत नाही. घेतला मग, काय करणार, बाकी सगळ्या पोरी घेऊन चालल्या होत्या आणि आपल्या लेकराकडं नाही असं कसं करायचं. मार्चमध्ये दप्तर आवरताना त्यातल्या ११ वह्या कोऱ्या निघाल्या. मला रडू आलं होतं त्या दिवशी.

यंदा जावेनं सांगितलं की गोलाईच्या, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेच्या, मागं जुन्या पुस्तकाचं दुकान आहे तिथं जा. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात त्यामुळं पत्ता सांगणं अवघडच, आणि दुकानाची पाटी पावसानं पार पुसून गेलीय, पण जुनी पुस्तकं कुठं मिळतात म्हणून विचारलं की चहावाला पण बोट दाखवतो. दुकान म्हणजे एक लांबट बोळच आहे, दोन्ही बाजूला छतापर्यंत पुस्तकं, मधून एकच माणूस जाईल एवढी जागा, बसायला काही नाही.

दुकानवाले काका साठीच्या पुढचे असतील. मी यादी पुढं केली, आधी त्यांनी यादी बघितलीच नाही, पोरीला विचारलं, "माय, सेमी का पूर्ण मराठी?" सेमी म्हणल्यावर गणिताचे दोन्ही भाग आणि विज्ञानाचे दोन्ही भाग इंग्रजीतले काढले, बाकीचे मराठीतले. हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या गल्लीतल्या एकीनं गडबडीत गणित मराठीतलं आणलं आणि पुन्हा लातूरची चक्कर पडली. नंतर विचारलं हिंदी पूर्ण आहे का संस्कृतसोबत संयुक्त, कारण त्याची पुस्तकं वेगळी. मला स्वतःला यातलं अर्धं माहीत नव्हतं, पोरीनंच सगळं सांगितलं.

जुनं पुस्तक चालतं का ही माझी भीती होती. काकांनी सरळ सांगितलं, नववीची पुस्तकं २०१७ ला बदलली आणि दहावीची २०१८ ला, तेव्हापासून तीच चालू आहेत, फक्त त्याच्या आधीचं कुणी गळ्यात मारलं तर घेऊ नका. आणि प्रत्येक पुस्तक उघडून क्यूआर कोडचं पान फाटलेलं नाही ना ते बघून दिलं, कारण दीक्षा ॲपवर धडा बघायला तो कोड लागतो. बालभारतीच्या वेबसाईटवर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत हे पण त्यांनीच सांगितलं, पुस्तकं विकणाऱ्या माणसानं!

मग यादी घेतली. २० वह्या लिहिलेल्या, त्यांनी विचारलं घरी कोऱ्या किती, मी म्हणलं ११. त्यांनी पेन घेऊन २० वर काट मारली आणि ८ लिहिलं, म्हणले दोघांना मिळून एवढ्या बस होतात, कमी पडल्या तर दिवाळीनंतर या, वह्या कुठं पळून चालल्यात. डायजेस्टवर पण काट मारली, "पहिली घटक चाचणी होऊ द्या, ज्या विषयात अडेल त्याच विषयाचं घ्या ताई." मी तिथंच उभी राहून बघत राहिले, कारण गिऱ्हाईकाची यादी कमी करणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला.

आमच्यासमोरच एक मामा आठवीचा सेट मागायला आले. काकांनी विचारलं शाळा कुठली, झेडपीची का अनुदानित? अनुदानित म्हणल्यावर म्हणले मग आठवीपर्यंत पुस्तकं शाळेतूनच फुकट मिळतात, पैसे घालू नका, वह्या तेवढ्या न्या. मामा रिकाम्या हातानं नाही गेले, वह्या घेऊनच गेले, पण त्यांचे चार-पाचशे वाचले असतील. पोरगा आठवीला आहे म्हणल्यावर मला त्यांनी एनएमएमएस म्हणजे शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं एक जुनं पुस्तक दिलं ७० रुपयाला. आठवीत ही परीक्षा देता येते, घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पोरगं लागलंय आता अभ्यासाला, बुद्धिमत्तेची गणितं रोज दहा सोडवतंय.

एक गोष्ट बघितलीच पाहिजे तिथं, ती म्हणजे पुस्तकं नीट करायचं काम. दुकानाच्या शेवटाला काकू बसतात, ढिलं झालेलं पुस्तक दाभणानं आणि जाड दोऱ्यानं शिवतात, पाठीला जुन्या सुती कापडाची पट्टी खळीनं चिकटवतात आणि वर वीट ठेवून रात्रभर तसंच ठेवतात. नव्या पुस्तकाची पानं दिवाळीपर्यंत निखळतात, पण आमच्या भूगोलाच्या पुस्तकाची पाठ हातात घेतली तर कडक लागते. दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील, ब्राझीलच्या नकाशाच्या बाजूला आधीच्या कुण्या पोरीनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय की परीक्षेला काय काय विचारतात. आमची पोरगी म्हणली हे मी खोडणार नाही.

हिशोब सांगते. दहावीची नऊ पुस्तकं, त्यातला विज्ञानाचा एक भाग जुना नव्हता म्हणून नवा, बाकी छापील किमतीच्या निम्म्यात, मिळून ४२०. आठ फुलस्केप वह्या ३६०, दोन प्रयोगवह्या १६०, कंपास ११०, खाकी कव्हर आणि चिकटपट्टी ९०, एनएमएमएसचं पुस्तक ७०. एकूण १,२१०, त्यातून पोरीची नववीची पुस्तकं त्यांनी १८० ला घेतली. दोन लेकरांचं मिळून १,०३० रुपये. ह्यांना फोन करून सांगितलं तर ते म्हणले पुन्हा एकदा हिशोब बघ, काही राहिलं असेल.

आता जे पटलं नाही ते पण लिहिते. गणित भाग २ मधली चार पानं नव्हती, घरी आल्यावर कळलं, आठ दिवसांनी बदलून दिलं काही न बोलता, पण आमचं येण्या-जाण्याचं भाडं गेलंच ना, म्हणून गणिताची पुस्तकं तिथंच पान-पान उलटून बघा. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. आत रेंज नाही म्हणून फोनवरनं पैसे जात नाहीत, रोख न्या. आणि दप्तर तिथून घेऊ नका, जावेनं घेतलेल्या दप्तराची चेन महिन्यात गेली, पुस्तकाचा माणूस आहे तो, दप्तर त्याचं काम नाही. ज्या कार्यपुस्तिकेत लेकरांनी स्वतः लिहायचं असतं ती पण जुनी घेऊ नका, सगळी भरलेली असते.

जाणार असाल तर १० जूनच्या आधी जा, त्यानंतर बोळात पाय ठेवायला जागा नसते आणि सेमीची विज्ञानाची पुस्तकं सगळ्यात आधी संपतात. सकाळी ११ च्या आत गेलात तर काकांना बोलायला वेळ असतो. गावाकडून येणाऱ्यांनी त्याच चकरीत एसटी पासचं पण बघून घ्या, बारावीपर्यंतच्या पोरींना पास फुकट आहे, पोरांना एक तृतीयांश पैसे पडतात, बोनाफाईड आणि आधारची झेरॉक्स सोबत ठेवा. आणि मागच्या वर्षीची पुस्तकं रद्दीत घालू नका, पिशवीत भरून घेऊन जा, किलोवर जे मिळतं त्याच्यापेक्षा तिथं जास्त मिळतं.